बाग दुपारी तीनला तपासा : मराठवाड्यातल्या उद्यान विभागांना खुले पत्र

प्रति,
आयुक्त, मुख्याधिकारी आणि उद्यान अधीक्षक,
मराठवाड्यातील सर्व महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती

विषय : मोठ्या सार्वजनिक बागेत माणसाला अख्खा दिवस काढता यावा, याबाबत.

महोदय, महोदया,

बागेची पाहणी एक तर सकाळी आठला होते, नाही तर उद्घाटनाच्या संध्याकाळी. त्या वेळी कुठलीही बाग बरीच दिसते. आमची विनंती अशी की मे महिन्यात एकदा दुपारी तीन वाजता गाडी बाहेर लावा, डोक्याला रुमाल बांधा आणि आत चालत जा. सावलीत टेकायला जागा सापडते का, प्यायला पाणी आहे का, स्वच्छतागृहाला कुलूप तर नाही ना, एवढंच पाहा. अर्थात त्या वेळी फाटक उघडं असेल तर. आपल्याकडच्या बऱ्याच बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चार-पाचला उघडतात, म्हणजे उन्हात सावलीची सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्याच वेळी.

छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, जालन्याची मोतीबाग, परभणीचं राजगोपालाचारी उद्यान, नांदेडचं विसावा उद्यान, लातूरचं नाना-नानी पार्क, अशी एखादी तरी मोठी बाग प्रत्येक शहराला आहे. हे पत्र त्यातल्या कुठल्या एका बागेची तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. लातूर-नांदेडला शिकायला आलेल्या दोन मैत्रिणींनी रविवारी डबा घेऊन बागेत यावं, सकाळी झाडं-पाखरं बघत हिंडावं, दुपारी सावलीत वाचत पडावं आणि दिवेलागणीला खोलीवर जावं, एवढी साधी अपेक्षा आहे. खोलीवर पत्रा किंवा स्लॅब तापलेला असतो, आणि हॉटेलात बसायचं तर दर अर्ध्या तासाला काहीतरी मागवावं लागतं. जिल्हा रुग्णालयात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, एसटीची वाट बघणारे, निवृत्त मंडळी यांचीही गरज तीच. अशा माणसांसाठी बाग कशी करायची आणि सध्या काय चुकतं, ते तपशिलात लिहितो आहोत.

सुरुवात बाकापासून करू, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. बाक नकाशावर कारंज्याकडे किंवा पुतळ्याकडे तोंड करून आखले जातात आणि सावलीचा विचार मागाहून होतो. मराठवाड्यात मेच्या मध्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. लातूर-धाराशिवकडे थोडा आधी, संभाजीनगरकडे वीस मेच्या आसपास. आपल्या घड्याळात ही माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास येते. तेव्हा झाडाची सावली बुंध्याशीच पडते. साडेतीनच्या सुमारास सूर्य पश्चिमेला एवढा कललेला असतो की सावलीची लांबी झाडाच्या उंचीएवढी होते आणि ती पूर्वेला सरकते. म्हणून बाक बुंध्याच्या पूर्वेला, साधारण ३ मीटरवर ठेवावा. झाडाचा घेर बुंध्यापासून ४ मीटर पसरलेला असेल तर साडेबारालाही तिथे सावली मिळते आणि साडेतीनलाही. हिवाळ्यात सकाळी त्याच बाकावर कोवळं ऊन येतं, ते तर हवंच असतं. पश्चिमेला ठेवलेला बाक दुपारभर रिकामा दिसेल आणि मग 'लोक बाकांचा वापर करत नाहीत' असा शेरा पडेल.

झाड कोणतं, याला तेवढंच महत्त्व आहे. गुलमोहर फुलतो मेमध्ये, पण एप्रिलभर तो बोडका असतो आणि फुलं आली तरी पालवी विरळच. बहावा फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं. पळस, काटेसावर, शिरीष हेही उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळून बसतात. ही झाडं बागेत हवीतच; फेब्रुवारीत पळस पेटलेला नसेल तर ती मराठवाड्यातली बाग कसली? पण ती बघायची झाडं आहेत, त्यांना वाटेच्या वळणावर किंवा मोकळ्या जागेत लावा. बाकाशेजारी कडुलिंब, करंज, वड, पिंपळ, चिंच. कडुलिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊन पाडव्याच्या सुमारास तांबूस पालवी येते आणि एप्रिलच्या मध्यापासून सावली दाट होते. करंजाचं तसंच, फक्त तो जास्त बसका आणि गर्द. चिंचेखाली भूत असतं म्हणून रात्री कुणी बसत नसेल तर न बसो, दुपारी बसायला हरकत नाही.

बाक लोखंडी किंवा ग्रॅनाइटचा नसावा. ऊन खाल्लेल्या लोखंडाला तीन वाजता हात लावून बघा, आणखी सांगायची गरज पडणार नाही. सिमेंटच्या पायांवर सागाच्या किंवा बाभळीच्या फळ्या, दोन फळ्यांत एक सेंटिमीटर फट म्हणजे पाणी साचत नाही, बैठकीची उंची ४३ ते ४५ सेंटिमीटर, पाठ आणि निदान एका बाजूला हात. पाठ नसलेल्या बाकावर म्हातारं माणूस दहा मिनिटांत कंटाळतं आणि हात नसेल तर उठताना शेजाऱ्याचा खांदा शोधतं. पूर्ण सावलीत शहाबादी फरशीचा ओटाही चालतो, उन्हात मात्र नाही. बाक पुतळ्याकडे तोंड करून एका रांगेत नकोत. दोन बाक काटकोनात ठेवले तर दोघांना गप्पा मारता येतात आणि मधे डबा उघडता येतो.

आता हिरवळ. निविदेतली सगळ्यात लाडकी बाब हीच. हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायला रोज सहा मिलीमीटरच्या आसपास पाणी लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून दिवसाला सुमारे २४,००० लिटर. दहा हजारी टँकर दोन रिकामे करूनही पुरे पडत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत ५०,००० लिटरचे दहा टँकर होते, एकूण पाच लाख लिटर. एक एकर हिरवळ तेवढं पाणी तीन आठवड्यांत पिते, आणि तिच्यावर दुपारी कुणाला बसताही येत नाही, कारण वर झाड नसतं. शिवाय 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी आहेच. तेच २४,००० लिटर २० लिटरप्रमाणे दिलं तर १,२०० रोपांची एक पाळी होते, आणि रोपांना पाळी रोज लागत नाही, चार-पाच दिवसांनी लागते.

हिरवळ अजिबात नको असं आम्ही म्हणत नाही. मुलांना लोळायला फाटकाजवळ पाच-सहा गुंठे ठेवा आणि तिला प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्या. मात्र ते पाणी तुषार सिंचनाने उडवू नका. माणसं बसतात-खेळतात तिथे त्याचे थेंब हवेत नकोत, जमिनीलगतच्या नळीतूनच द्या. झाडांना ठिबक लावणार असाल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर अडीच तास चालवले की २० लिटर होतात. पाणी बोअरचं असेल तर क्षारांनी ड्रीपर बुजतात, म्हणून गाळणी दर आठवड्याला धुवावी आणि नळ्यांची टोकं उघडून साचलेलं पाणी वाहू द्यावं. उन्हाळ्यात खारी नळ्या कुरतडतात, कारण त्यांना तहान लागलेली असते. विषाच्या गोळ्या टाकण्यापेक्षा झाडापासून थोडं दूर मातीचं पसरट भांडं भरून ठेवा. मोसंबीवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत आहे, बागेच्या कंत्राटात मात्र लिहिलेलं नसतं.

झाडाखाली पडलेला पाला झाडून पेटवला जातो. याच्याइतकं उलटं काम दुसरं नाही. तोच पाला आळ्यात तीन-चार इंच पसरला की माती थंड राहते आणि दोन पाण्यांतलं अंतर वाढतं. फक्त तो बुंध्याला चिकटू देऊ नका, चार बोटं जागा सोडा; चिकटला तर पावसाळ्यात साल कुजते आणि वाळवी चढते. उरलेल्याचा खड्डा करा, १० फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट खोल. फूटभर पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला, आणि मुठीत दाबल्यावर ओल लागेल पण पाणी गळणार नाही इतका ओलावा. पंधरा-वीस दिवसांनी वरखाली केलं तर तीन-चार महिन्यांत खत. खड्डा मुद्दाम वाटेशेजारी ठेवा, लोक थांबून विचारतात.

प्यायच्या पाण्यासाठी कूलर बसवले जातात, वीज गेली की बंद आणि एकदा बिघडले की कायमचे शोभेचे. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी आहे, त्यामुळे रांजण फुकटात गार करतो. अट एकच, त्याला वारा लागला पाहिजे. टाइल लावलेल्या बंदिस्त कपाटात रांजण ठेवून पाणी गार होत नाही म्हणून तक्रार करणं हास्यास्पद आहे. सावलीत, जाळीदार आडोशात, खाली तोटी असलेले दोन रांजण, एक भरताना दुसरा चालू. आठवड्यातून एकदा आतून नारळाच्या काथ्याने घासायचे, साबण नाही. वर्षाला बदलायचे, कारण क्षारांनी छिद्रं बुजली की गारवा जातो. अशा दोन पाणपोयांत अंतर २५० ते ३०० मीटर. सांडलेलं पाणी पन्हळीने कर्दळीच्या वाफ्यात सोडा, म्हणजे चिखल आणि डास दोन्ही नाहीत.

आता वाटांबद्दल. इथे मराठवाड्याची माती लक्षात घेतली नाही तर पैसे मातीतच जातात. काळी माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हात आकसते. एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती वाळू टाकून पेव्हर ब्लॉक बसवले की दोन पावसाळ्यांत वाट लाटांसारखी होते, मग ठेच लागून म्हातारी माणसं पडतात. उपाय ठाऊक आहे, फक्त मोजमाप पुस्तिकेत तो नेहमी कमी खोलीचा निघतो : ४५ ते ६० सेंटिमीटर काळी माती काढा, कठीण मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. त्यावर ७ ते १० सेंटिमीटर मऊ मुरूम दाबला की चालायची वाट तयार. ब्लॉकची गरजच उरत नाही. मध्य थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतार ठेवा, चाळीसास एक, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या दर मीटरला अडीच सेंटिमीटर. रुंदी अडीच मीटर असावी. दोघं बोलत जोडीने चालत असताना मागून धावणाऱ्याला 'बाजूला व्हा' म्हणावं लागू नये. पावसाळा संपला की दरवर्षी मुरुमाचा एक पातळ थर टाकावा लागतो हे खरं, पण अनवाणी चालणाऱ्याला विचारा ब्लॉक बरे की मुरूम. ब्लॉक मोजता येतात आणि सावली मोजता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात ब्लॉक येतात. फार तर चाकाच्या खुर्चीसाठी फाटकापासून स्वच्छतागृह आणि पहिल्या सावलीपर्यंतची एक वाट पक्की, सपाट करा. ती मात्र कराच.

त्या वाटा जुन्या झाडांच्या गळ्यापर्यंत नेऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर ही किमान मर्यादा समजा, वडाला ती पुरत नाही. पाणी-अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि तिथेच आपण ब्लॉक ठोकतो. पार बांधायची आपली पद्धत चांगली आहे, लोक बसतात. पण पाराच्या आत बुंध्याभोवती दोन फूट भराव घातला की जी साल हवेत राहायला हवी ती ओल्या मातीत जाते. वर झाड हिरवं दिसतं, खाली बुंधा कुजत असतो, आणि मग वळवाच्या पहिल्या वादळात ते मुळासकट आडवं होतं. बातमी येते 'वाऱ्याने झाड पडलं'. पाराची भिंत बुंध्यापासून लांब ठेवा आणि आतली माती मूळ पातळीवरच असू द्या. बुंधा जमिनीशी जिथे रुंद होतो तो भाग डोळ्यांना दिसला पाहिजे, एवढी खूण माळ्याला पुरे. रोप लावताना भोवती बसवलेल्या जुन्या लोखंडी जाळ्याही आठवणीने कापा. तीन-चार वर्षांनी खोड त्यांच्यात रुतायला लागतं.

छाटणीबद्दल जरा सविस्तर. पाडव्यानंतर, पावसाळ्यापूर्वीची कामं म्हणून, सुकलेल्या आणि पोकळ फांद्या सरसकट काढल्या जातात. नेमकं तेव्हाच त्या पोकळीत कुणीतरी राहत असतं. राखी धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. मादी आत जाऊन ढोलीचं तोंड स्वतःच्या विष्ठेने लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढी उभी फट ठेवते आणि पिलं मोठी होईपर्यंत आतच कोंडून राहते. नर वड-पिंपळ-उंबराची फळं आणून त्या फटीतून भरवतो. मार्च ते जूनमध्ये ती फांदी कापली तर आतल्या मादीला उडताही येत नाही, कारण त्या काळात तिची पिसंही झडलेली असतात. तांबटही वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला छोटं गोल भोक पाडून राहतो. म्हणून धोक्याची फांदी सोडून बाकी छाटणी ऑक्टोबर ते जानेवारीत करा आणि ढोली असलेल्या झाडाला आधी दोन दिवस सकाळी अर्धा-अर्धा तास खालून बघा. ये-जा दिसली तर करवत परत न्या. फांदी वाटेवर झुकलेली असेल तर खाली बांबू बांधून वाट दोन महिने वळवा. बागेत आलेल्या माणसाला नर चोचीत उंबर घेऊन आलेला बघायला मिळाला तर कारंज्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही.

कापायचीच झाली तर तीन घावांत. पहिला घाव बुंध्यापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन इंच पुढे, वरून. फांदी इथे मोडून पडते आणि साल बुंध्यापर्यंत सोलत नाही. तिसरा घाव उरलेल्या खुंटाला, फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या बाहेरून. ती वळी कापली तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. वर डांबर फासू नका. बोर्डो मलम लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचं नाही, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या. हे सगळं माळ्यांना येतं. ठेकेदाराच्या मजुरांना येत नाही, आणि फांद्या टनावर मोजल्या जात असतील तर ते शिकणारही नाहीत. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला आहे. आपल्या बागेत अशी झाडं कोणती, ती यादी फाटकावर लावा.

झाडांच्या नावांच्या पाट्या हा आमच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय, कारण त्या बऱ्याच ठिकाणी चुकलेल्या असतात. उंच, सरळ, खाली झुकलेल्या लांब पानांचं जे झाड कुंपणाला लावतात त्यावर 'अशोक' लिहिलेलं असतं; तो आसुपालव. सीताअशोक वेगळा, त्याला शेंदरी फुलांचे घोस येतात. कांचनावर 'आपटा' लिहिलं जातं आणि दसऱ्याला लोक येऊन कांचन ओरबाडतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. सोनमोहराला 'पिवळा गुलमोहर' म्हणून सोडून देतात. पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नका, बुंध्यापासून मीटरभर अंतरावर जमिनीत खुंटी रोवून लावा. मोठ्या अक्षरात मराठी नाव, खाली फुलण्याचा महिना, आणि हे झाड इथलं की बाहेरून आलेलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे हे कळलं म्हणून कुणाचा त्याच्यावरचा जीव कमी होत नाही.

फाटकावरचा नकाशाही असाच. तो वाचणारा ज्या दिशेला तोंड करून उभा आहे तीच दिशा नकाशात वर हवी. उत्तर वर असलाच पाहिजे असा आग्रह कागदावर ठीक, फाटकात नाही. प्रत्येक फेरीचं अंतर मीटरमध्ये आणि चालायला लागणारी मिनिटं लिहा. दिव्याच्या खांबांवर ठळक क्रमांक रंगवा. कुणाला भोवळ आली तर १०८ला किंवा पहारेकऱ्याला 'खांब चौदा' एवढं सांगता येतं. पहारेकऱ्याच्या खोलीत जलसंजीवनीची पाकिटं असावीत. संपली तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, सपाट.

पहारेकऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. दोघं जण बाकावर बसलेले दिसले की शिट्टी वाजवायची ही कुणाची सूचना आहे ते तपासा. मित्र-मैत्रिणी बागेत बसणार नाहीत तर कुठे बसणार? शिट्टी आग्यामोहोळाला दगड मारणाऱ्यासाठी आणि झाडावर नाव कोरणाऱ्यासाठी राखून ठेवा. घरचा डबा आत नेऊ देत नसाल तर तो नियमही काढा. कचरा डब्यामुळे होत नाही, वेफरच्या पाकिटांमुळे होतो, आणि ती पाकिटं आतल्या स्टॉलवरच विकली जातात. बसायच्या जागेपासून पंधरा-वीस पावलांवर झाकणाची कचराकुंडी ठेवा. कुंडी बाकाला खेटून असली की माश्या माणसाला उठवतात.

स्वच्छतागृहाला कुलूप का असतं, तर पाणी नसतं म्हणून, किंवा किल्ली ज्याच्याकडे आहे तो जेवायला गेलेला असतो म्हणून. दिवसभर बाहेर राहायचं ठरवताना बायका-मुली आधी हेच विचारतात, आणि उत्तर खात्रीचं नसेल तर पाणीच कमी पितात. मे महिन्यात ते धोक्याचं आहे. आतून लागणारी कडी, खुंटी, नळाला पाणी, झाकणाची कुंडी, रात्री आत-बाहेर दिवा. याहून जास्त काही नको. भिंतीवरची चित्रं नंतर.

घसरगुंडीबद्दल एकच ओळ : पत्र्याची असेल तर तोंड उत्तरेला करा आणि पश्चिमेला एक करंज लावा.

नवीन लागवडीचं बोलायचं तर खड्डे एप्रिल-मेमध्येच घ्या, उन्हाने तापू द्या. काळ्या मातीत दोन बाय दोन बाय दोन फूट पुरे, पण रोप थोडं उंचवट्यावर बसवा, नाही तर ऑगस्टमध्ये बुंध्याशी पाणी तुंबतं. मुरमाड जागेत तीन फूट घन खड्डा आणि बाहेरून माती. प्रत्येक खड्ड्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत. दोन चांगले पाऊस होऊन जमीन फूटभर भिजली की लागवड. पहिल्या सरीला फोटोसाठी लावलेलं रोप जूनच्या उघडिपीत मरतं. पिशवी पूर्ण फाडा, तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा. ती तशीच राहिली तर झाड पाच-सात वर्षं नीट वाढतं आणि मग वाऱ्याने कलंडतं. कडुलिंब, चिंचेत २५ ते ३० फूट अंतर ठेवा, वडाला ५० फूट. अंतर जास्त वाटलं तर संभाजीनगरच्या हिमायतबागेत एक चक्कर मारा, मुघल काळापासूनची ती बाग आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे, समोरच सलीम अली सरोवर. जुन्या झाडांना किती जागा लागते ते तिथे दिसतं. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबणारी मियावाकी पद्धत सध्या जोरात आहे. कुंपणालगत, रस्त्याची धूळ-आवाज अडवायला ती ठीक. पण तिच्याखाली माणूस बसू शकत नाही, आत शिरूही शकत नाही, आणि पाचशे रोपांचा आकडा दाखवायला ती सोपी पडते हेच तिचं खरं आकर्षण आहे असं आमचं मत झालं आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना निविदा लागत नाही. दुपारी अकरा ते चार एक फाटक आणि जुन्या झाडांचा भाग उघडा ठेवायला एका पाळीचा एक माणूस लागेल. बाकीचा भाग दोरी लावून बंद ठेवा. झाडांना पाणी सकाळी आठच्या आत देऊन व्हावं, दुपारी दिलेलं बरंच हवेतच जातं. जाळ्या कापणं, पाला न जाळणं, बाकांच्या जागा बदलणं हे आहे त्या माळ्यांकडून एका महिन्यात होतं. नवीन अंदाजपत्रकात हिरवळीची बाब निम्मी करून तो पैसा रांजण, स्वच्छतागृहाचं पाणी आणि मुरूम यांना द्या. पाट्या रंगवायला टाकण्याआधी झाडांची यादी आमच्याकडे पाठवा. आम्ही येऊन प्रत्येक झाडापाशी उभं राहून नाव तपासून देऊ, मानधन नको. येताना माळीबुवांना सोबत द्या, अधिकारी नसले तरी चालेल.

आपले,
मराठवाड्यातील वृक्षमित्र, पक्षीनिरीक्षक आणि बागकाम करणारी मंडळी